बोट कोण वाकवतं?

सकाळी केतकीने मूठ उघडली, तेव्हा चार बोटं उघडली आणि करंगळीशेजारचं पाचवं मिटलेलंच राहिलं. तिने जोर लावला तसं ते 'टक्' करून सुटलं आणि तळहातातून कळ गेली. तिने चटकन आईकडे पाहिलं. आई भाजीघरात (भाज्या पिकवायच्या दालनात) कामाला निघायच्या गडबडीत होती. बरं झालं!

कारण शुक्रवारी परीक्षा होती आणि आज होता सोमवार.

केतकी राहायची चंद्राच्या दक्षिण टोकापाशी, शिखरवाडी नावाच्या वसाहतीत. तिचा बाबा ऐंशी किलोमीटर लांब, पैलटेकडीवर मोठी दुर्बीण उभारत होता. सात महिने झाले, बाबा फक्त पडद्यावर दिसायचा. अकरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना पैलटेकडीच्या गाडीत बसता येई, पण त्याआधी हातमोज्यांची परीक्षा द्यावी लागे. अंतराळपोशाखाचे जाड हातमोजे घालून हवेची झडप (हवा सोडायची आणि बंद करायची चावी) दहा मिनिटं सतत फिरवायची. प्रवासात काही बिघडलं तर आपली हवा आपल्याला सोडून घेता आली पाहिजे, म्हणून.

त्यासाठी केतकीने व्यायामशाळेतून ग्रिपर आणला होता. दोन दांडे, मधे स्प्रिंग. मुठीत धरून दाबायचा, सोडायचा. रोज सहाशे वेळा. जेवताना डाव्या हातात घास आणि उजव्या हातात कुइं-चक, कुइं-चक. अभ्यासाला बसली तरी कुइं-चक.

"अगं, त्या स्प्रिंगला तेल तरी पाज," जेवणघरातले लोक म्हणायचे. "आमच्या कानांनी काय पाप केलंय?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर केतकी हातमोजे मापून घ्यायला दमूआजींकडे गेली. दमूआजी, म्हणजे दमयंती आजी, वसाहतीतले सगळे हातमोजे शिवायच्या. त्यांच्या हाताखाली एक यंत्रमानव होता. त्याची बोटं दोऱ्यांनी हलायची, म्हणून मुलांनी त्याचं नाव सुतळ्या ठेवलं होतं. त्याला ते आवडायचं.

आजींनी मोजा पुढे केला. केतकीने तो डाव्या हाताने घेतला.

"तू डावखुरी कधीपासून झालीस गं?"

"नाही… असंच."

"दाखव बघू उजवा."

केतकीने हात मागे लपवला. मग तिच्या लक्षात आलं की लपवल्याने जास्तच दिसतंय, आणि तिने तो पुढे केला. आजींनी मूठ मिटायला सांगितली, उघडायला सांगितली. टक्! केतकीने ओठ आवळले.

"आजी, कुणाला सांगू नका ना. शुक्रवारपर्यंत फक्त. मलम लावते मी."

"मलमाचं नंतर बघू. आधी एक कोडं सोडव. बोट कोण वाकवतं?"

"बोटच की. बोटातले स्नायू."

"बोटात जोर लावणारा एकही स्नायू नाही."

"काहीतरीच!"

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. डाव्या हाताने तुझा उजवा हात कोपराच्या जरा खाली धर. आतल्या बाजूने. हं, आता बोटं मिट आणि उघड."

केतकीने तसं केलं आणि तिचे डोळे मोठे झाले. हलत होती उजवी बोटं, पण डाव्या हाताखाली टरारून फुगत होता तो कोपराखालचा भाग. कातडीखाली कुणीतरी कूस बदलावी तसा.

"सुतळ्या, बाही वर कर रे," आजी म्हणाल्या.

सुतळ्याने हातावरचं झाकण उघडलं. आत कोपराजवळ पाच मोटरी होत्या. प्रत्येक मोटरीतून एक दोरी निघून मनगटातून, तळहातातून बोटाच्या टोकापर्यंत गेली होती. मोटर फिरली, दोरी ओढली गेली, बोट वाकलं.

"तुझंही असंच आहे," सुतळ्या म्हणाला. "फरक एवढाच, की तुझं झाकण उघडत नाही."

आजी हसल्या. "तळहातात छोटे स्नायू आहेत थोडे, पण घट्ट मूठ वळायची ती या कोपराखालच्या स्नायूंनी. त्यांच्यापासून बोटाच्या हाडापर्यंत जी दोरी जाते, तिला म्हणतात कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी). आणि ती मोकळी लोंबत नाही. परकराच्या नेफ्यातून नाडी जाते ना, तशी ती बोटात एका नळीतून जाते. नाडी ओवली आहेस कधी?"

"हो. मधेच अडकते ती."

"का अडकते?"

"गाठ असली की… किंवा नाडी जाड झाली की." केतकी थांबली. तिने आपल्या बोटाच्या मुळाशी, तळहातावर दाबून पाहिलं. तिथेच दुखत होतं. "म्हणजे माझी नाडी सुजली?"

"तसंच दिसतंय. सहाशे वेळा तीच दोरी त्याच नेफ्यातून घासली."

"पण आजी, माझा जोर तर वाढलाय! पहिल्या दिवशी शंभरदाही दाबता येत नव्हतं."

"हे पुढचं कोडं. स्नायूत भरपूर रक्त खेळतं, म्हणून तो पंधरा दिवसांतच जोर धरतो. कंडरेत रक्त फार कमी जातं, तिला मजबूत व्हायला महिने लागतात. तू मोटर नवी बसवलीस बाई, पण दोरी जुनीच राहिली."

"माझी दोरी झिजली की आजी नवी घालतात," सुतळ्या म्हणाला. "तुझी तीच दोरी आपोआप दुरुस्त होते. मला हेवा वाटतो."

"कधी दुरुस्त होते?"

"तू तिला ओढत नसतेस तेव्हा."

आजींनी तिला आधी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी बोट तपासलं आणि तेच सांगितलं: विश्रांती. केतकीने परत येऊन ग्रिपर आजींच्या टेबलावर आपटला आणि ती निघून गेली.

दोन दिवस तिने काय करायचं तेच तिला कळेना. हात रिकामा, डोकं भरलेलं. ती मार्गिकेतून इकडून तिकडे जायची, पुन्हा तिकडून इकडे. रात्री तीनदा पांघरूण काढलं, तीनदा घेतलं. आणि बुधवारी बोट सोमवारइतकंच दुखत होतं!

ती तणतणत आजींकडे आली. "तुमची विश्रांती काही कामाची नाही. ग्रिपरला मी बोटही लावलेलं नाही!"

"चल, माझ्याबरोबर एक फेरी मार," सुतळ्या म्हणाला. "कठडा धरू नकोस, माझा हात धर."

शिखरवाडीत सगळे कठडा धरूनच चालतात. चंद्रावर वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्शाइतकं असतं. पाऊल जरा जोरात पडलं की माणूस छताकडे निघतो. केतकी सुतळ्याचा हात धरून मार्गिकेच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"माझ्या बोटांत दाब मोजायची सोय आहे," तो म्हणाला. "तोल सांभाळायला जेवढा दाब लागतो त्याला दोन म्हणू. तू लावलास नऊ. आणि दोन दिवसांत तू या मार्गिकेच्या किती फेऱ्या मारल्यास?"

केतकीने मोजल्या नव्हत्या. तिला आठवलं, तिने चमचाही असाच धरला होता. पेन्सिलही. वर्गात बसल्या बसल्या खुर्चीची कडसुद्धा. ग्रिपर टेबलावर पडून होता, पण तिचा हात दिवसभर दाबतच होता.

आजी उठल्या आणि त्यांनी डब्यातून एक भाजलेला उडदाचा पापड काढला. "हा घे. टोकापर्यंत नेऊन परत आण. मोडला तर खायचा आणि दुसरा घ्यायचा."

पहिला पापड चौथ्या पावलाला मोडला. दुसरा वळणावर. तिसऱ्याच्या वेळी केतकी भलतीकडेच बघत होती, त्याचाही चुरा झाला. "आजी, पोरगी पोट भरायला आलीय," सुतळ्या म्हणाला. पाचवा पापड मात्र अख्खा परत आला. केतकीचे खांदे सैल झाले होते, श्वास संथ झाला होता, आणि तिला कळलं की गेल्या अर्ध्या तासात तिने शुक्रवारचा विचार केलेला नाही.

शुक्रवार आलाच. परीक्षेच्या खोलीत कर्णिकसर घड्याळ घेऊन उभे होते. केतकीने मोजे चढवले. मोज्यात हवा भरली आणि तो सायकलच्या ट्यूबसारखा ताठ झाला. बोट वाकवायचं म्हणजे दर वेळी त्या हवेशी झुंज.

"सुरू."

एक मिनिट. दोन. तीन. ती हलक्या हाताने फिरवत होती, कोपराखालून जोर जाणवत होता. सहाव्या मिनिटाला बोटाच्या मुळाशी ठणका सुरू झाला. जाड मोज्याच्या आतलं कुणालाच दिसत नव्हतं. उरली होती फक्त चार मिनिटं. दात आवळून होऊन जातील. बाबा उद्या दारात उभा असेल.

आणि नंतर, वाटेत खरंच झडप फिरवायची वेळ आली आणि दोरी नेफ्यात अडकली तर?

केतकीने हात काढून घेतला. "सर, माझं बोट दुखतंय. आधीपासून दुखतंय."

सरांनी घड्याळ थांबवलं. "उद्याची गाडी चुकली तर पुढची त्यानंतर बेचाळीस दिवसांनी आहे, केतकी."

"माहितीये," ती म्हणाली आणि मग तिला रडू आलं.

ती तशीच दमूआजींकडे गेली. बेचाळीस दिवस म्हटल्यावर आजींनी बोटांवर हिशेब केला. "सहा आठवडे. दोरीला साधारण तेवढेच हवेत."

त्या सहा आठवड्यांत पहिले तीन आठवडे ग्रिपर टेबलावरच राहिला. बोट टक् करायचं थांबल्यावर आजींनी ग्रिपरच्या दांड्यांना कापडाची पट्टी गुंडाळून ते जाड केले. बारीक दांड्यावर बोटं फार मुडपतात आणि दोरीवर ताण येतो. आता फक्त वीसदा, तेही एक दिवसाआड. बोटांभोवती रबर घालून ती उघडायचा व्यायामही, कारण मिटणाऱ्या दोऱ्यांना उघडणाऱ्या दोऱ्यांची जोड लागते. केतकीला चैन पडत नव्हतंच. चुळबुळ सुरू झाली की ती एक पापड मागून घ्यायची. आजींचा डबा रिकामा झाला.

त्रेचाळिसाव्या दिवशी पैलटेकडीवर गाडी थांबली. परीक्षेची दहाही मिनिटं आदल्या दिवशी पार पडली होती. केतकी पोशाखात उतरली. शिखरवाडीतून डोंगरामुळे कधी न दिसणारी पृथ्वी इथे क्षितिजाला टेकून होती, निळी आणि अर्धी. तिच्यासमोर एक उंच आकृती उड्या मारत येत होती.

बाबाने तिचा हात आपल्या मोज्यात घेतला आणि असा आवळला की हवा भरलेले दोन्ही मोजे करकरले.

"बाबा," केतकी रेडिओवर हसत म्हणाली, "पापड धरल्यासारखा धर. मी कुठे जात नाहीये."