वीतभर काच

बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत त्या दिवशी दोघंच होती — खाली ती, वर तो. तिने तिथली लाकडी जमीन विकत घेतली होती, त्याने खिडक्यांच्या काचा; आणि इमारत पाडणाऱ्या ठेकेदाराने दोघांनाही एकच दिवस देऊन टाकला होता.

ती गुडघ्यांवर बसून पहारीने एकेक फळी उचकटत होती. फळ्यांवर खेळाच्या मैदानाच्या रेघा होत्या, लाल, पांढऱ्या, निळ्या, कितीतरी बुटांनी घासून फिकट झालेल्या. त्या रेघांसाठीच तर तिला ही जमीन हवी होती.

“जरा बाजूला सरकता का?” शिडीवरून आवाज आला. “काच सुटली तर थेट तुमच्या डोक्यात.”

“मग सोडू नका,” ती मान वर न करता म्हणाली.

आत्या तिला ‘करवत’ म्हणायची ते उगाच नाही. भंगारातल्या लाकडाचं फर्निचर करणारी आपली ही भाची बोलायला लागली की समोरच्याचा भुसा पडतो, असं आत्याचं म्हणणं.

दुपारी आभाळ एकदम भरून आलं. काचा निघालेल्या खिडक्यांतून पाऊस तिरपा आत शिरला आणि भिंतीशी रचलेल्या फळ्यांवर तडतडू लागला. करवत धावली. अंगातलं जाकीट काढून तिने फळ्यांवर टाकलं, पण ते जाकीट असून असून केवढं असणार...

“हे तुमच्यामुळे झालं,” ती म्हणाली. “लाकूड भिजलं की वाकतं. कळतं का काही?”

काचवाला शिडीवरून उतरला, बाहेर गेला आणि आपल्या गाडीवरची ताडपत्री ओढत घेऊन आला. दोघांनी मिळून ती फळ्यांवर पसरली. तिच्या कपाळावरून पाणी निथळत होतं, त्याच्या भुवयांवरून.

“आणि तुमच्या काचा? त्या उघड्या पडल्या ना आता.”

“काच भिजली तरी काचच राहते.” त्याने नाक चोळलं. “माणूस मात्र...” आणि पुढचं बोलण्याआधीच सणसणीत शिंकला.

ती हसली. आपण हसलो, हे तिला जरा उशिराच कळलं.

फळ्या त्याच्याच गाडीतून तिच्या कारखान्यात आल्या. कारखाना कसला, आत्याच्या शिवणाच्या दुकानामागची लांबट खोली. पुढे शिलाई मशीन खडखडायचं, मागे रंधा सरसरायचा, आणि मधल्या पडद्याच्या अलीकडे चिंध्या, पलीकडे भुसा अशी सरळ वाटणी होती. आजवर तिने तिथे स्टुलं केली होती, पाट केले होते, एक डुगडुगणारं कपाट केलं होतं. पण आता कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंनी लांबलचक टेबल सांगितलं होतं. गिऱ्हाइकांनी एकत्र बसून खावं असं. ते जमलं तर लोक तिला फर्निचर करणारी म्हणणार होते. नाही जमलं तर ती आत्याच्या दुकानामागे खुडबुड करणारी भाचीच राहणार होती.

आणि ते जमेना. भिजलेल्या फळ्यांपैकी काही वाळताना पन्हळीसारख्या वाकल्या. उरलेल्या तिने नाना तऱ्हांनी जुळवून पाहिल्या. टेबल मधोमध वीतभर कमी पडत होतं.

काचवाला ताडपत्री न्यायला आला तेव्हा ती त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली होती.

“इथे काच घाला,” तो म्हणाला.

“माझ्या लाकडात काच नको. थंडगार असते.”

“सकाळी असते. उन्हं आल्यावर कधी हात ठेवून बघितलात?”

तो गाडीतून त्याच व्यायामशाळेची एक काच घेऊन आला. जुनी, जाड, कुठे कुठे किंचित लहर पडलेली. दोन फळ्यांच्या मध्ये त्याने ती धरली आणि खिडकीतला उजेड तिच्यातून खाली सांडला. जमिनीवर पाणी हलावं तसा तो हलू लागला. काचेच्या या काठावर एक लाल रेघ येऊन थांबत होती, त्या काठावरून निळी सुरू होत होती.

“ही लाल रेघ पुढे कुठे जाते?” त्याने विचारलं.

“बसणाऱ्याने ठरवायचं,” ती हळूच म्हणाली. मग एकदम सावरून, “कापून आणा. बघू.”

बघता बघता तो रोज येऊ लागला. कधी माप घ्यायला, कधी घेतलेलं माप पुन्हा बघायला. ती पटाशीने काचेसाठी खाच कोरायची आणि तो टेप धरून बसायचा. त्याच्या बोटांवर बारीक पांढरे वण होते. तिच्या केसांत नेहमी एखादा लाकडाचा छिलका अडकलेला असायचा. तो त्याला दिसायचा, त्याचा हात अर्ध्यावर उचलला जायचा... आणि पुन्हा टेपवर यायचा.

“एवढी जागा कशाला सोडताय कडेला?”

“लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आखडतं. तुमची काच काही जागची हलायची नाही.”

“काच नाही हलत. मी हलतो की. रोज इथवर येतो.”

तिने पटाशीवर हातोडी मारली, ती नेमकी अंगठ्यावर.

काच मात्र येईना. “कडा घासायच्या बाकी आहेत,” असं तो रोज सांगायचा. शेवटी पडद्यापलीकडून आत्याने विचारलंच, “काय गं, एका काचेला कडा असतात तरी किती?”

एके संध्याकाळी त्याने टेप गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. “रोपांसाठी मोठं काचघर बांधतायत, लांबच्या शहरात. थंडी सरेपर्यंतचं काम आहे. शुक्रवारी निघायचंय. त्याआधी काच बसवून देतो.”

“बरं,” ती म्हणाली.

तो गेल्यावर ती टेबलाच्या पायांसाठी काढलेल्या फळीवर रंधा मारत राहिली. फळी केव्हाच गुळगुळीत झाली होती, तरी मारत राहिली. आत्या पडदा सारून दारात उभी राहिली. “त्या फळीने काय घोडं मारलंय तुझं?” ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता चहा ठेवायला गेली.

गुरुवारी तो काच घोंगडीत गुंडाळून घेऊन आला. दोघांनी दोन बाजूंनी धरून ती अलगद खाली सोडली.

काच बसेना.

त्याने ती फिरवून पाहिली. माप घेतलं. पुन्हा घेतलं. “माझं माप चुकत नाही,” तो स्वतःशीच पुटपुटला.

“माणूस आहे, चुकतो,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“एवढीशी कड कापायला गेलो तर जुनी काच तडकेल. दुसरी शोधावी लागेल. चार दिवस तरी...”

“मग शोधा.”

त्याने खाचेतून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच चिकटला. त्याने तो उजेडात धरून बघितला.

“गोंद ओला आहे.”

तिने पटाशी उचलून फडक्याने पुसायला घेतली.

“इथे पट्टी लावलीय कुणीतरी. काडीएवढी. कधी लावलीत?”

“सकाळी.”

“लाकडाला जागा सोडावी लागते म्हणालात ना? ही तर बुजवलीय.”

तिने भुशात बोटाने एक रेघ ओढली, पुसली. कान लालभडक झाले होते. “तू उद्या जाणार म्हणून,” ती म्हणाली.

त्याने अंगठ्यावरचा गोंद घोंगडीला पुसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मला ‘तू’ म्हणालीस.”

“ऐकलंस ना? मग झालं.”

“कडा कधीच घासून झाल्यात,” तो म्हणाला. “कापली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. रोज गाडीत घालून आणायचो, रोज तशीच परत न्यायचो. बसवली असती तर यायला कारण काय उरलं असतं?”

तिने त्याच्याकडे बघितलं. सरळ, पहिल्यांदाच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते लपवायला ती हसली, तर ते गालावरच उतरलं. या वेळी त्याचा हात अर्ध्यावर थांबला नाही. तिच्या केसांतला छिलका त्याने काढला आणि टाकून न देता खिशात ठेवला.

“काचघर बघायला येशील?” त्याने विचारलं.

“रोपांच्या कुंड्या कशावर ठेवणार आहेत तिथे?”

“मांडण्या लागतील. त्यांना अजून सुतार मिळालेला नाही.”

“मग बघायला नाही, कामाला येते. टेबल बेकरीत पोचलं की निघते.”

“आणि आत्या?”

“आत्या तर मला बाहेर काढायची वाट बघतेय. म्हणते, तुझ्या भुशाने माझे पांढरे कपडे पिवळे पडतात.”

ओला गोंद होता, पट्टी पटाशी लावताच सुटून आली. दोघांनी पुन्हा काच उचलली, पुन्हा खाली सोडली, आणि ती अंग चोरून आपल्या जागी जाऊन बसली. दुपारची उन्हं टेबलाच्या मधोमध आली होती. त्याने तिचा हात धरून काचेवर ठेवला. काच ऊबदार होती. त्याने हात काढून घेतला नाही, तिनेही नाही.

पुढचं मशीन थांबलं. “काय गं,” पडद्यापलीकडून आत्या म्हणाली, “बसली का काच?”

करवतीने काचेकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“नाही अजून,” ती म्हणाली. “वेळ लागेल, आत्या.”

मग पलीकडे मशीन सुरू झालं — आणि उगाचच जरा जास्त जोरात खडखडू लागलं.