एकोणीस वेढे

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मधे कुणी हसायचं नाही.

सुट्टीला खार, म्हणजे सगळे जिला लाडाने खारच म्हणायचे ती पोरगी, आणि तिचा भाऊ ढोल्या आत्याकडे पोचले, तेव्हा जिन्यात भांडण जुंपलं होतं. इमारतीत नवे नळ बसवले होते आणि झाडून सगळे गळत होते. नळ ज्यात बसतो ती सॉकेटं आत्याने घरच्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, आतून आटे पाडून बनवलेली. झालं, खापर तिच्यावर.

"बाईच्या हातात लेथ दिला की हे असं होतं," प्लंबर म्हणाला.

"संध्याकाळी सभा. लेथ इमारतीबाहेर," सेक्रेटरी गुरगुरले.

आत्याचं पोट त्या लेथवर चालायचं. ती तडक आत गेली.

"नळाला इंचात चौदा आटे, तिच्या सॉकेटलाही चौदा," प्लंबरने खारीला दटावलं. "मोज की, शहाणे."

खारीने मोजले. खरंच चौदा होते. ढोल्या मात्र काढलेल्या नव्या नळावरची गळती थांबवायची पांढरी टेप उलगडत बसला.

"एकोणीस वेढे! माझा हात मोडला तेव्हासुद्धा एवढं गुंडाळलं नव्हतं."

"घट्ट बसत असता तर तीन-चार पुरले असते," खार पुटपुटली. तिने आत्याच्या खणातून आटे तपासायची दातेरी पट्टी आणली. पट्टीच्या दातांचा कोन पंचावन्न अंशांचा. आधीच्या, काढून ठेवलेल्या जुन्या नळाच्या आट्यांत ती चपखल बसली. नव्या नळावर मात्र पट्टीखालून उजेड दिसला. साठ अंशांची पट्टी लावली, उजेड गायब.

सभेत खारीने आत्याच्या सॉकेटमध्ये जुना नळ बसवला. टेपचे तीन वेढे. थेंबही नाही. मग नवा बसवला, एकोणीस वेढ्यांसकट. पाणी थेट सेक्रेटरींच्या बुटात.

"आटे तेवढेच आहेत, पण खाचेचा कोन वेगळा," खार म्हणाली. "हा नळ दुसऱ्याच मापाचा आहे."

"मी यांना सांगितलं होतं," प्लंबर सेक्रेटरींकडे बोट दाखवत उसळला. "म्हणाले, स्वस्त मिळालेत, गुंडाळ टेप आणि गप बस."

"तू गप बस," सेक्रेटरी ओरडले.

लेथ जागचा हलला नाही. "माझ्या नजरेतून सुटलं ते तुम्ही पकडलंत," आत्या पोरांना म्हणाली. आणि सेक्रेटरींनी भर सभेत, हात जोडून, तिची माफी मागितली.

बरं बाई, माफीचं तेवढं मी घातलं. नळ बदलले त्यांनी, पण आत्या जिन्यात दिसली की अजून तोंड फिरवतात.