कन्येचा मालक

माझं काम साधं होतं. नव्यानं सापडलेल्या खगोलीय गोलांचे आकडे परदेशातल्या वेधशाळा जाहीर करतात. ते आकडे घेऊन तो गोल कोणत्या दिवशी, किती वाजता, आकाशात कुठं असेल, एवढं सांगणारा प्रोग्रॅम मी लिहायचे. गिऱ्हाईक एकच, पडेगावचे तात्यासाहेब. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर आणि आता पूर्णवेळ ज्योतिषी. आमच्या बौद्ध घरात कधी कुंडली मांडली गेली नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"मला तुझा विश्वास नको, करुणा बेटा," ते म्हणाले. "तुझं गणित पाहिजे."

लोक त्यांच्याकडं हरवलेल्या वस्तूंसाठी यायचे. प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली मांडून तात्यासाहेब जागा सांगायचे. मात्र पूर्वेला कन्या रास उगवत असताना कुणी विचारलं, की उत्तर हमखास चुकायचं. चाळीस वर्षांच्या वह्या त्यांनी माझ्यापुढं ठेवल्या. कन्येचा स्वामी बुध, असं शास्त्र सांगतं. पण बुधाकडं मिथुन रासही आहे.

"एकट्या बुधाला दोन घरं कशाला?" तात्यासाहेब म्हणाले. "एका घरात तो भाडेकरू आहे. खरा मालक आत्ता सापडलाय."

हा मालक म्हणजे प्लूटोच्याही फार पलीकडचा एक गोल. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला अकरा हजार वर्षं लागतात. नावसुद्धा नव्हतं, नुसता क्रमांक. ज्योतिष मंडळाच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं तेव्हा सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "मग काय, बुधाला आता पेन्शन लावायची का?"

मला राग आला. त्या आठवड्यात मी प्रोग्रॅम पुरा केला.

जुलैत, सकाळी अकराला, करमाडचे सांडूभाऊ आले. त्यांचं चावीचं घड्याळ अकरा वर्षांपूर्वी शेतात हरवलं होतं. कन्या उगवत होती. तात्यासाहेबांनी नवा स्वामी धरून जागा सांगितली : विहिरीच्या पश्चिमेला, लिंबाच्या ढोलीत. दुपारी सांडूभाऊंचा फोन आला. घड्याळ मिळालं होतं आणि चालू होतं.

"हलवल्यावर चावीचं घड्याळ चालतं थोडा वेळ," मी म्हणाले.

"ते खरं हाय ताई," सांडूभाऊ म्हणाले. "पण टाइम बी बरोबर दावतंय."

नंतर शहरातल्या एका बाईंची पितळी डबी मिळाली, एकोणीस वर्षांनी, माळ्यावरच्या गादीत. त्या ती घेऊनच आल्या. डबीत मोगऱ्याचा गजरा होता. कळ्यांवर पाण्याचे थेंब होते. खोलीभर वास पसरला. तात्यासाहेब लहान मुलासारखे हसत होते. मला तो गजरा हातात घ्यावासा वाटला नाही.

सलग चौदा उत्तरं बरोबर आली. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मंडळानं सकाळी सभा बोलावली. हसलेल्या अध्यक्षांनीच हार घातला आणि जाहीर केलं, "आजपासून कन्येचा स्वामी बदलला!" टाळ्या थांबेनात. मलाही स्टेजवर बोलावलं. खोटं कशाला बोलू, माझीही छाती फुलली होती.

टाळ्या ओसरल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. कन्नडच्या गोजरबाई, वय बावन्न.

"वस्तूच घावती, का माणूस बी?"

बेचाळीस वर्षांपूर्वी कन्नडच्या आठवडी बाजारात त्यांची सात वर्षांची बहीण हरवली होती. द्वारका तिचं नाव. "माझ्याच हातातून सुटली, साहेब. मी बांगड्या पाहत व्हते."

तात्यासाहेबांनी घड्याळ पाहिलं. कन्याच उगवत होती.

"वस्तूंपर्यंत ठीक होतं," मी त्यांच्या कानाशी म्हणाले. "हे नको."

"आता मागं फिरायचं नाय, बेटा."

त्यांनी कागदावर लिहिलं : येत्या बाजारी, वडाखाली, अकरा चाळीस.

बाजाराच्या दिवशी कन्नडला आम्ही तिघं साडेअकरापासून वडासमोर उभे होतो. मंडळाचे आठ-दहा जणही आले होते. ओल्या मिरच्यांचा ठसका, भज्यांच्या तेलाचा वास, बियाण्यांच्या जाहिरातीचा भोंगा. अकरा चाळीसला एक बैलजोडी आमच्यासमोरून आडवी गेली.

ती सरली, तेव्हा वडाखाली मुलगी उभी होती.

फ्रॉक, लाल रिबिनी, हातात गारेगार. ते अजून विरघळलं नव्हतं.

गोजरबाई चिखलातून धावल्या. मुलीनं त्यांच्याकडं पाहिलं.

"आजी, माझी अक्का कुठंय?"

गोजरबाई तिच्यापुढं गुडघ्यांवर बसल्या. "मीच हाय गं. मीच तुझी अक्का."

मुलीनं त्यांच्या गालावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"लई उशीर केलास," ती म्हणाली.

मग जो गलका उठला! कुणीतरी हलगी आणली, गुलाल उधळला. अध्यक्षांनी तात्यासाहेबांना खांद्यावर घेतलं. बायका द्वारकाची दृष्ट काढत होत्या. गोजरबाई हसत होत्या, रडत होत्या, भेटेल त्याला पेढा भरवत होत्या. मीसुद्धा रडले. गणित माझं होतं.

मुलीला डॉक्टरांना दाखवायचं म्हणून आम्ही शहराकडं निघालो. तात्यासाहेब पुढं बसले होते, गळ्यात तीन हार, अभिनंदनाचे फोन थांबत नव्हते. मागं माझ्या शेजारी गोजरबाई, त्यांच्या मांडीवर द्वारका. वेरूळ यायच्या आधीच ती झोपली.

झोपेत तिचा उजवा हात उचललेला होता. एक बोट खिडकीच्या काचेकडं रोखलेलं.

दौलताबादच्या घाटात गाडी डावीकडं वळली. बोट उजवीकडं सरकलं. गाडी उजवीकडं वळली, बोट डावीकडं आलं. होकायंत्राच्या काट्यासारखं.

मी मोबाइलवर माझाच प्रोग्रॅम उघडला. तो गोल बरोबर त्या दिशेला होता, क्षितिजाला टेकत आलेला.

पुढं तात्यासाहेब मोठ्यानं हसले. "अरे, आता तर सुरुवात आहे!" ते फोनवर सांगत होते.

पडेगाव आलं. एक बावन्नला गोल मावळला. बोट खिडकीवरून उतरलं आणि गाडीच्या तळाकडं, जमिनीत रोखलं गेलं.

"सपान पाहतीये लेकरू," गोजरबाई म्हणाल्या आणि मायेनं ते बोट मिटवून आपल्या मुठीत धरलं.

द्वारकाचा डावा हात उघडला आणि त्याचं एक बोट जमिनीकडं वळलं.