लुसेरोचा धर्मबाप

वारा समुद्रावरून आला, छपरावर चढलेल्या माणसाच्या डोक्यावरची टोपी त्यानं उचलली आणि थेट ओदिलियाच्या घेवड्याच्या पातेल्यात आणून टाकली.

चर्चच्या मिशनच्या जेवणघरामागे उघड्या चुलीवर पोरांचं दुपारचं जेवण शिजत होतं. त्यांच्या आया स्ट्रॉबेरीच्या मळ्यात खुडणीला गेलेल्या. ओदिलियानं पळीनं टोपी वर काढली, उलटी धरून निथळू दिली.

"माफ करा हं..." शिडीवरून एक उंच, सडसडीत माणूस घाईघाईनं उतरला. "माझीच आहे ती."

"असू दे. आज मांस घालायची ऐपत नव्हती. देवानं टोपी पाठवली."

तो हसला. "मग चव बरी आली का?"

"मीठ जरा जास्त झालंय. घामाची आहे ना."

हासिंतो त्याचं नाव. आईबाप इथल्याच मातीतले, पण तो जन्मला सरहद्दीपलीकडे, उत्तरेकडच्या फ्रेस्नो शहरात. बोलायचा इथलीच भाषा, फक्त कडेकडेनं टवके उडालेली. सुतार होता. मिशनच्या स्वयंसेवकांच्या तुकडीबरोबर आठवडाभरासाठी यायचा, ताडपत्रीच्या खोपटांजागी लाकडाची एकखणी घरं उभी करायचा, आणि आठवडा सरला की ट्रकबरोबर निघून जायचा. वसंतात एकदा, हिवाळ्याच्या तोंडावर एकदा.

मधले महिने ओदिलियाचे. सकाळी धुकं यायचं, मळे गिळायचं, कुंपणं गिळायचं, रस्ता गिळायचं. मक्याचं पीठ मळता मळता ती त्या नसलेल्या रस्त्याकडे बघायची. ट्रक यायचा हंगाम नाही, हे ठाऊक असायचं. तरी बघायची. तिचा नवरा होडी घेऊन गेला, तो समुद्रानं परत दिला नाही. तेव्हा लेक लुसेरो पोटात होती. आता पुन्हा कुणाची वाट बघायची नाही, असं तिनं मनाला किती बजावलं होतं. मन ऐकायचं, मान डोलवायचं... आणि रस्त्यावर जाऊन बसायचं.

या वसंतात तुकडीनं बांधायला घेतलं ते ओदिलियाच्या आईचं, वस्ती मानानं दोन्या म्हणते त्या रेमेदियोसचं घर. मग काय — दिवसभर अंगणात हासिंतो, फळ्यांच्या ढिगावर छोटी लुसेरो, आणि खिळे द्यायच्या निमित्तानं ओदिलिया.

"वाकडा आहे हा," तो म्हणायचा.

"सरळ होता. तुमच्या हातात आला नि वाकला."

घर आढ्याला पोचलं त्या दुपारी सगळी तुकडी, सगळी शेजारीणमंडळी अंगणात जेवायला बसली होती. दोन्या रेमेदियोस एप्रनला हात पुसत उभी राहिली.

"हासिंतो, बाळा, रविवारी आमच्या लुसेरोचा बाप्तिस्मा आहे. धर्मबाप तू हो."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. हासिंतोचे कान लाल झाले. त्यानं ओदिलियाकडे बघितलं. तिची सुरी कांद्यात अर्ध्यावर थांबली होती.

"होईन," तो म्हणाला. "आनंदानं होईन."

वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मुलीचा धर्मबाप झाला, की तो तिच्या आईचा कोंपाद्रे. सख्ख्या भावाइतका जवळचा, आणि सख्ख्या भावाइतकाच लांबचा. कोंपाद्रेशी लग्नाचा विचारसुद्धा पाप.

धुण्याच्या दगडापाशी ओदिलियानं आईला गाठलं. "मुद्दाम केलंस."

"मुद्दाम." आईचा हात थांबला नाही. "आठवड्याचा माणूस तो, ओदी. उरलेलं वर्ष तू त्या रस्त्याला देतेस. एकदा समुद्राकडे बघून सुकलीस, आता धुक्याकडे बघून सुकणार? कोंपाद्रे झाला की येईल, जाईल, पोरीचं बघेल. तुझा जीव तरी टांगणीला लागायचा नाही."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

आमंत्रण चारचौघांत दिलं गेलं होतं; आता नाही म्हणायचं तर फक्त त्यानं. आणि बाप्तिस्म्याला नाही म्हणणारा माणूस वस्तीच्या नजरेतून उतरला तो उतरलाच.

शनिवारी ती कॉफी घेऊन नव्या घरात गेली. तो दाराच्या फळीवर रंधा मारत होता.

"उद्यापासून मी घरचाच," तो खुशीत म्हणाला.

"अगदी घरचे. माझे कोंपाद्रे. तुम्ही याल, मी वाढीन. तुमच्या लग्नात नाचेनसुद्धा."

रंधा थांबला. "माझं लग्न? कुणाशी?"

"ते तुम्ही बघा. माझ्याशी नाही — एवढं नक्की."

"का नाही?"

प्रश्न इतका सरळ आला, की तिला पाठ फिरवायलाही जमलं नाही. लाकडाच्या भुशाकडे बघत तिनं सगळं सांगितलं, हळू आवाजात.

"मला वाटलं..." तो रंधा खाली ठेवत म्हणाला, "तुझ्या आईनं मला दार उघडून दिलं."

"बंद केलं. फुलं लावून."

"ओदिलिया... मी नाही म्हणू?"

"मी रस्त्याकडे बघते," ती म्हणाली. "तुम्ही नसता तेव्हाच जास्त."

तो एक पाऊल पुढे आला नि थांबला. "मग आत्ताच जाऊन आईंना सगळं सांगतो."

"नाही. कारण सांगायचं नाही. तुमच्या नावाला माझं नाव लागलं आणि ट्रक परत आला नाही, तर मला इथंच, याच बायकांत दिवस काढायचेत."

"मग मी गरिबाची पोर म्हणून नाकारली, असं म्हणतील."

"म्हणतील."

त्यानं मान डोलवली आणि कॉफी घेतली. बोटांना बोटं लागली... तेवढंच.

संध्याकाळच्या पंगतीत तो टोपी काढून उभा राहिला. "दोन्या रेमेदियोस, मला लुसेरोचा धर्मबाप होता येणार नाही. माफ करा."

"का रे बाळा?"

त्यानं टोपी छातीशी धरली.

"घरं बांधायला येतात," मागून एक बाई बोलली, "नातं जोडायला नको यांना."

"यांचे फोटो काढून झाले, की आपलं काम संपलं," दुसरी म्हणाली.

तो खाली मान घालून ऐकत राहिला. ओदिलियाकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून ती आत गेली.

रविवारी शेजारचा म्हातारा लुसेरोचा धर्मबाप झाला. दुपारी ट्रक निघाला, तेव्हा त्याच्यामागे कुणाचीच पोरं धावली नाहीत.

नव्या घरात मायलेकी भाकऱ्या भाजत होत्या. ओदिलियाचं बोट तव्याला लागलं, तिला कळलंही नाही. आईला कळलं.

"तू सांगितलंस त्याला."

"हो."

"आणि त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. तोंड न उघडता."

"हो, आई."

दोन्या रेमेदियोसनं भाकरी उलटली. "हिवाळ्याआधी येतो म्हणाला?"

"काहीच म्हणाला नाही."

म्हातारीनं तवा खाली उतरवला. स्टूल ओढत दारापाशी आणलं, जिथं ओदिलिया उंबऱ्यावर जाऊन टेकली होती.

"सरक जरा," ती म्हणाली. "मलाही रस्ता दिसू दे."