चारी दोऱ्या सारख्या

डोक्यावरून काहीतरी घूं करत गेलं, पण उमेरानं डोळे उघडले नाहीत. इतकी ती दमली होती.

लोणावळ्यातल्या एका बऱ्यापैकी हॉटेलच्या रिसेप्शनवर ती सकाळपासून हसत होती. खोलीतून दरी दिसत नाही म्हणून भांडणाऱ्यांपुढे हसायचं, चहा गार आला म्हणणाऱ्यांपुढे हसायचं, आणि ड्यूटी संपवून गावठाणातल्या घरी जावं तर तिथंही हसणं चुकत नव्हतं. अम्मीनं पलंगावर नवी चादर घातलेली दिसली, की समजायचं, आज कुणीतरी बघायला येतंय. म्हणून हल्ली ती स्कूटी सरळ कुरवंड्याच्या वर पठारावर आणायची, चपला काढायची आणि कातळावर बसून थोडा वेळ कुणालाही न हसता काढायची. एवढीच तिची चैन.

ते पुन्हा घूं करत आलं आणि या खेपेला थेट तिच्या पायाशी आपटलं. काळाभोर, नारिंगी काठाचा, तिच्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढा रुंद पतंग... आणि त्याला शेपूट नाही, उलट दोन दोऱ्या.

"जरा उभा करून देता का?" लांबून कुणीतरी ओरडलं. "नाक वर."

उमेरा सुस्कारा टाकून उठली. एप्रिलचा कातळ संध्याकाळीसुद्धा तापलेला होता. तिनं एकदा हा, एकदा तो पाय उचलत पतंग उभा केला. तिकडे त्या माणसानं दोन पावलं मागे टाकली आणि पतंग तिच्या हातातून सुटून सरळ वर गेला. वर गेला, थांबला, गिरकी घेतली, आणि कोकणातून चढून येणाऱ्या वाऱ्यावर आडवा धावत सुटला.

आता उमेरा काही साधीसुधी प्रेक्षक नव्हती. संक्रांतीला तिच्या अब्बांचा, म्हणजे सलीम तांबोळींचा पतंग वर चढला, की आसपासच्या गच्च्यांवरची पोरं निमूटपणे आपापले पतंग उतरवून घ्यायची. फिरकी धरत धरतच ती मोठी झाली होती. त्यामुळे थकवा क्षणभर बाजूला ठेवून ती चौकशीला गेली.

"फिरकी कोण धरतं तुमची?"

"याला फिरकी नसते. दोरी आहे तेवढीच."

"मग ढील कशी देता?"

"देता येत नाही."

"ढील नाही, काटाकाटी नाही... मग उडवता कशाला?"

त्यानं पतंगावरची नजर न काढता विचार केला. "दमल्यावर बरं वाटतं," तो म्हणाला.

या उत्तरावर उमेरा तिथंच कातळावर बसली. कारण ती ज्या कामाला इथं येत होती, त्याच कामाला हा माणूस आला होता.

त्याचं नाव नवाज अत्तार. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर द्यायला जी इंजिनं जोडतात, त्यांच्यावर त्याची ड्यूटी. कधी पहाटे, कधी भरदुपारी. गाडी वर आणून सोडायची आणि पुन्हा रिकाम्या इंजिनानं खाली उतरायचं. डोळ्यांखाली काळं झालेलं, आणि हसू मात्र उशिरा येणारं, पण आलं की खरं.

"म्हणजे माणसं डुलक्या घेत वर येतात ती तुमच्या जोरावर?"

"मागून ढकलणाऱ्याला कोण बघतं?"

"आज मी बघितलं," उमेरा म्हणून गेली, आणि मग उगाचच चपला शोधायला लागली.

पठाराच्या तोंडाशी नंदाबाई करवंदांची पाटी घेऊन बसायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. दुसऱ्या दिवशी तिनं करवंदांच्या द्रोणाबरोबर उमेराच्या हातात बातमीही ठेवली. "ह्यो बाबा दोन पतंग आनतो आन् येकच उडिवतो. दुसरा पिशवीतच. जोडीदार व्हता त्याचा रियाज, त्यो गेला मस्कतला. तवाधरनं ह्यो असाच येकला."

मग उमेरानं दुसरा पतंग मागितलाच. नवाजनं दोऱ्यांच्या टोकांचे पट्टे तिच्या मनगटांत अडकवले. उजवा हात ओढला की पतंग उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे, एवढं सोपं होतं सगळं. पण जित्याची खोड... पतंगानं जोर लावला रे लावला, की तिचे हात ढील द्यायला आपोआप पुढे जायचे आणि पतंग करवंदीच्या जाळीत. असं चारदोनदा झालं. हाताला काटे, केसांत पाला. आपल्याला हेही जमत नाही, असं वाटून ती मटकन खाली बसली.

नवाज हसला नाही. तो म्हणाला, तुम्ही त्याला वाऱ्याच्या मधोमध धरताय, तिथं ओढ फार. कडेला न्या.

तिनं नेला. आणि काय झालं कोण जाणे, डाव्या बाजूला, दरीच्या अंगाला, पतंग नुसता उभा राहिला. दोऱ्या हलक्या झाल्या. हातांना ओढ नाही, कुणाचं मागणं नाही. उमेरा तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वाऱ्यानं आलं, असं तिनं सांगितलं. नवाजनं ते मान्य केलं आणि दुसरीकडे बघितलं. त्याच्या त्या दुसरीकडे बघण्यावरच खरं तर तिचा जीव जडला.

उन्हाळा तापत गेला. त्याची ड्यूटी आणि तिची शिफ्ट जुळेल त्या संध्याकाळी दोघं जोडीनं उडवायला लागली. जोडीत चारी दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या लागतात, नाहीतर एक पतंग पुढे आणि एक मागे पडतो. आणि एकानं हुकूम द्यायचा असतो. नवाज म्हणायचा, "डावा." उमेरानं म्हणायचं, "डावा." मग दोन्ही पतंग एकदम डावीकडे.

"मला ऐकू येतं की," ती एकदा वैतागून म्हणाली. "परत कशाला म्हणायला लावता?"

"इंजिनात तसंच असतं. सिग्नल दोघांनाही दिसतो, तरी मी मोठ्यानं म्हणायचं आणि पायलटनं तेच परत म्हणायचं. नुसतं दिसून भागत नाही."

"म्हणजे मनात काही ठेवायचंच नाही?"

"ड्यूटीवर... तरी नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात दोन्ही पतंग पडले.

मधल्या काळात घरी एक स्थळ आलं होतं. पुण्याचं. मुलगा चांगल्या कंपनीत, घरचे प्रेमळ, देण्याघेण्याची भानगड नाही. नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि हो म्हणायला जीव नव्हता. अम्मी चहाचे ट्रे धुऊन दमलेली, उमेरा ते नेऊन दमलेली. अब्बा तेवढे म्हणाले, तुझ्या मनाविरुद्ध काही नाही, पण शुक्रवारी नमाजनंतर त्यांना फोन करायचाय, तोवर सांग. उमेरानं मनाशी ठरवून टाकलं, होच म्हणायचं. एकदा हो म्हटलं की निदान ती पलंगावरची चादर तरी बदलावी लागणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिनं हे नवाजला सांगितलं. तो दोऱ्या उलगडत होता. त्याचे हात थांबले.

"चांगलं आहे की," तो म्हणाला.

चांगलं आहे की. बस, एवढंच. उमेराला इतका राग आला, की कशाचा आला हे तिचं तिलाही कळेना. आपल्याला याच्याकडून काय हवं होतं, ते मात्र त्या क्षणी तिला स्वच्छ कळलं, आणि त्यानं राग आणखीच वाढला.

दोघांनी पतंग वर घेतले. नवाजनं हुकूम दिला, तिनं परत म्हटला. त्याचा पतंग तिच्या पतंगावरून गेला आणि दोऱ्या एकमेकींवर आल्या. हे रोजचंच होतं. या गुळगुळीत दोऱ्या एकमेकींवरून नुसत्या सरकतात, आपण शांत राहायचं आणि आलो तसं बाहेर पडायचं. पण तांबोळ्यांच्या गच्चीवर वाढलेल्या हातांना त्या संध्याकाळी दोरीवर दोरी लागलेली जाणवली, आणि हातांनी पुढचं आपणच केलं. खस्सकन मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे... एकाच जागी घासून घासून दोरी तापली आणि वितळली.

"कटली!" उमेरा ओरडली.

नवाजचा पतंग एका दोरीवर फडफडत खाली आला. उमेरानं आपला कसाबसा उतरवला आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. रियाजबरोबरच्या दिवसांपासून त्यानं जपलेली दोरी होती ती.

आणि नवाज हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खाली बसून, मग पोट धरून. "इतकी वर्षं उडवतोय," तो डोळे पुसत म्हणाला, "पण मला कुणी कापलं नव्हतं."

तिलाही हसू आलं. हॉटेलातलं नव्हे, दुसरंच.

तुटलेली दोरी टाकून द्यायची नसते. उरलेल्या टोकाला नवा फास मारायचा, आणि दुसरी, चांगली दोरीसुद्धा तेवढीच कापायची, नाहीतर पतंग एका अंगाला ओढतो. नवाजनं जमिनीत खुंटी ठोकली, दोन्ही दोऱ्या शेजारी शेजारी ताणल्या, आणि चांगली धडधाकट दोरी हातभर-दोन हात छाटून टाकली. उमेरा दुसऱ्या टोकाला ताण धरून बसली होती.

"आता माझ्या दोऱ्या लांब झाल्या," ती म्हणाली.

"हं. पण तुम्ही आता कुठं येणार..."

"माझ्याही कापा."

नवाजनं वर बघितलं. "त्या चांगल्या आहेत."

"जोडीला चारी सारख्या लागतात. तुम्हीच शिकवलंत."

"एकदा कापल्या की वाढत नाहीत, उमेरा."

"पतंगबाजाची मुलगी आहे मी. मला माहीत आहे."

वारा पडत आला होता. खाली एक गाडी घाट चढत होती, तिचा दमलेला आवाज वरपर्यंत येत होता.

"सिग्नल दोघांनाही दिसतोय," उमेरा हळूच म्हणाली. "आधी कुणी म्हणायचं असतं? असिस्टंटनं ना?"

नवाजनं कात्री खाली ठेवली. "मला तू हवी आहेस. पहिल्या दिवसापासून. आज चांगलं आहे म्हणालो, ते खोटं होतं."

"मला तुम्ही हवे आहात," उमेरानं म्हटलं. मग घाईनं, "परत म्हणायचं असतं म्हणून नाही म्हणत..."

"कळलं."

तिनं तिथूनच अब्बांना फोन लावला. पुण्याला नाही म्हणून कळवा, असं सांगितलं, कारण घरी आल्यावर सांगते म्हणाली. अब्बांनी एवढंच विचारलं, "दमलीस का, बेटा?"

"खूप," उमेरा म्हणाली. "हो म्हणणार होते ना, ते दमल्यामुळं. नाही म्हणतेय ते दमल्यामुळं नाही."

"मग ये सावकाश," अब्बा म्हणाले.

नवाजनं तिच्या दोन दोऱ्या खुंटीला लावल्या, आपल्या दोन दोऱ्यांशी जुळवल्या, आणि या खेपेला कात्री तिच्या हातात दिली. तिनं कापल्या. नंदाबाई रिकामी पाटी डोक्यावर घेऊन घरी निघाली होती, ती जरा वेळ थांबली. कात्री बघितली, चारी दोऱ्या बघितल्या, दोघांची तोंडं बघितली.

"आता दोनीबी पतंग रोज वर जानार म्हना की," ती म्हणाली.

आणि दोघंही एकदमच म्हणाली, "व्हय."