वळताना येणारा आवाज

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी एका बोटीखाली उताणी पडले होते, त्यामुळे मला आधी फक्त त्याच्या चपला दिसल्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि तारेने बांधलेला. चपलेला तार गुंडाळणारा माणूस बोटीलाही तारच गुंडाळत असणार, असं म्हणत मी त्याच्याबद्दल वाईट मत करून घेतलं आणि मगच बाहेर आले.

"मेस्त्री आहेत का?"

"आहेत. काय झालंय?"

"बोट... गुरगुरते."

"कुणावर?"

तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "माझ्यावरच. वळताना जास्त. सरळ चालली की कमी."

बोट दवाखान्याची होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो सिस्टरना आणि औषधांच्या पेट्यांना पलीकडच्या काठावर न्यायचा. तासाभराचा रस्ता, आणि मध्ये नुसतं पाणी. तिथे बोट बंद पडली तर हाक ऐकायलाही कुणी नाही.

अशा बोटीत इंजिन आत असतं आणि पंखा बाहेर. दोघांना जोडणारा जो जड भाग मागे लटकतो, तो ड्राइव्ह. मेस्त्री म्हणजे माझे बाबा. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ड्राइव्हच्या मुळाशी टेकवलं, मूठ कानाला लावली, मला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं आणि म्हणाले, "बेअरिंग." ड्राइव्हच्या सांध्यावरचं रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, ते फाटून आत पाणी गेलं होतं. निदान अगदी बरोबर होतं. तीस वर्षं या धक्क्यावर बाबांचा कान म्हणजे शेवटचा शब्द.

आता लपवण्यात अर्थ नाही. तो कान वर्षभरापासून दगा देत होता. गुरगुर, घरघर असले जाड आवाज बाबांना यायचे. बारीक आवाज गेले होते. गिऱ्हाईक हळू बोललं की मी बाबांच्या कानाशी जाऊन, काहीतरी दुसरंच विचारतेय असं दाखवत, त्याचं बोलणं पुन्हा सांगायचे. ही गोष्ट आम्ही दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो. बाबा ऐकूनच बोटी दुरुस्त करतात असं लोक म्हणायचे. ऐकूच येत नाही म्हटल्यावर बोट कोण आणणार, आणि बाबा तरी कुठल्या तोंडाने धक्क्यावर बसणार? त्यामुळे मी गप्प होते.

पुढचे दोन दिवस बोट ट्रॉलीवर होती आणि तो आमच्या शेडमध्ये. मी जुनं बेअरिंग ओढून काढत होते, तो पेटीवर बसून बघत होता.

"तुम्हाला दुसरं काम नाही?" मी विचारलं.

"माझं काम तर तुम्ही उघडून ठेवलंय."

"मग निदान ग्रीसचा डबा तरी द्या. तो नाही — तुमच्या कोपराशी. आता शर्टाला लागलंच बघा."

"लागू दे. घरी सांगता येईल की मदत केली."

"घरी कोण असतं ऐकायला?"

"आई. आणि..." तो उगाच थांबला. "आणि आईच."

मी डोकं ड्राइव्हमध्येच ठेवलं. चेहऱ्याचा भरवसा वाटत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो नव्या चपला घालून आला. मी पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही.

ड्राइव्ह परत बसवायच्या वेळी मी नवा रबरी बूट आणायला बाजारात गेले होते. ड्राइव्हचे क्रॉस, म्हणजे वळताना ज्यांवर सगळा भार येतो ते सांधे, बाबांनी एकट्यानेच तपासले. मग बोट गेली. शेड मोकळी वाटायला लागली आणि मला त्याचा राग आला. शेडचा नव्हे, त्याचा.

गुरुवारी सकाळी बोट पुन्हा दारात. "गुरगुर गेली," तो म्हणाला. "पण वळताना... टिकटिक येते."

बाबांच्या भुवया चढल्या. बोट ट्रॉलीवरच होती. ड्राइव्हला पाण्याची नळी लावून मी इंजिन चालू केलं. बाबांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. टिक, टिक, टिक — सुकं, कोरडं, स्पष्ट. शेडच्या दारापर्यंत ऐकू येत होतं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "लोण्यासारखी चालतेय."

त्याने बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली आणि त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. ते कळताना मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"हो," तो सावकाश म्हणाला. "मलाच भास झाला असेल. माफ करा, मेस्त्री. तुमचा वेळ घेतला."

खरं सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले ती तेव्हा. माझ्या बापाची लाज राखायला हा माणूस खराब बोट घेऊन निघाला होता. आणि तेव्हाच मला त्याला दोन ठेवून द्याव्याशाही वाटल्या, कारण उद्या शुक्रवार होता. बोटीत सिस्टर असणार होत्या. तो असणार होता.

तो नळी काढायला वाकला. मी गप्प राहिले असते तर बाबांचा मान राहिला असता आणि बोट गेली असती.

"बाबा, आवाज आहे."

बाबांनी हात वर केला. मी इंजिन बंद केलं.

"कुठे?"

"क्रॉसमध्ये. टिकटिक. मोठी आहे."

"मला आली नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"वर्ष झालं, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुसत बाहेर गेले आणि पाण्याकडे तोंड करून बाकावर बसले. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

दहा मिनिटांनी बाबा आत आले. "खोल," एवढंच म्हणाले.

चेनपुलीने आम्ही ड्राइव्ह उतरवला. काम करता करता मी त्याला धारेवर धरलं.

"खोटं का बोललात?"

"त्यांचा चेहरा बघितला म्हणून."

"आणि मध्येच बंद पडली असती म्हणजे?"

"वल्ही आहेत की."

"सिस्टर मारणार होत्या वल्ही?"

"त्या माझ्यापेक्षा बऱ्या मारतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचाही चेहरा बघितला. तो जास्त वाईट झाला होता."

मी पान्याला जोर लावला.

क्रॉस निघाला. एका बाजूच्या वाटीत ग्रीसचा मागमूस नव्हता, तांबडी गंजाची पूड होती. बाबांनी तो बोटांत धरून हळूहळू फिरवला. एका जागी तो अडत होता.

"हे हाताला कळतं," ते म्हणाले. "मी घाईत दोनदा हलवला आणि कानावर सोडून दिलं. चूक माझी."

दुपारी नवा क्रॉस बसवून आम्ही तिघं बोट घेऊन निघालो. स्टिअरिंग बाबांकडे. धक्क्यापासून जरा दूर गेल्यावर त्यांनी ती डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पूर्ण गोल. पाण्याचे तुषार आमच्या तोंडावर आले.

"आवाज?" बाबांनी मला विचारलं.

"नाही."

"आणि तुला?"

"नाही," तो म्हणाला.

"तुझं काय धरायचं? सकाळी तू भास झाला म्हणालास." बाबांनी वेग कमी केला. "आता एक खरं सांग. बोट ट्रॉलीवर होती, तेव्हा तुझं इथे काडीचं काम नव्हतं. रोज कशाला येत होतास?"

तो पुटपुटला काहीतरी. सवयीने मी बाबांच्या कानाकडे वाकले, पण त्यांनी मला हाताने मागे सारलं.

"मोठ्याने बोल," ते त्याला म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

बाबांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"मला तुमची मुलगी आवडते, मेस्त्री."

बाबा पुढे पाण्याकडे बघत राहिले. "तुला ऐकू आलं?" त्यांनी मला विचारलं.

"आलं."

"मग उत्तर तू दे. मी बोट चालवतोय."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कोपराला आजही ग्रीस लागलं होतं.

"मलाही तू..." मी म्हणाले. तुम्हीचं तू कधी झालं ते कळलंच नाही.

"काय म्हणाली ही?" बाबांनी त्याला विचारलं.

त्याने हसत माझ्याकडे हात केला. वर्षभर मी बाबांच्या कानाशी कुजबुजत आले होते, कुणाला कळू नये म्हणून. आता उभी राहिले, एका हाताने काठ धरला आणि घसा मोकळा करून म्हटलं,

"मलाही हा आवडतो, बाबा. फार आवडतो."

धक्क्यावरची चार माणसं वळून बघायला लागली.