टाकीच्या तोंडाशी

आमच्या गावात कीर्तनाला हुंकारी लागते. बुवा पूर्वरंग आटोपून आख्यानाला हात घालतात, तेव्हा पहिल्या रांगेतला एक माणूस दर वाक्याला 'हूं' म्हणतो. पेटी नसली तर चालतं, मृदंगाची शाई उडालेली असली तरी चालतं, पण हुंकारीवाचून कीर्तन उभं राहत नाही. तिचा एक नियम आहे. हुंकारी थांबली की बुवांनीही थांबायचं. आख्यान कुठंतरी चुकलं, असं समजून मागं जायचं आणि चुकलेल्या जागेवरून पुन्हा सांगायचं. लंकेपर्यंत पोचलेल्या चांगल्या चांगल्या विद्वान बुवांना मी मुकाट्यानं चित्रकूटावर परतताना पाहिलं आहे.

तीस वर्षं ही हुंकारी गोमाजी देत होते. चुलबंद नदीच्या काठावरचं आमचं गाव त्यांच्या घशाच्या आवाजावर कीर्तन ऐकत आलं. मीही त्यातच वाढलो. मला पुराण थोडं कळतं, ज्ञान तर काहीच नाही, पण बुवांनी चाल लावली की अजून डोळे भरून येतात.

१९८३ च्या कार्तिकात मी गावी आलो तो सुटीवर, असं घरी सांगितलं होतं. खरं असं की जहाजावरच्या सेकंड इंजिनिअरच्या तोंडी परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो. लेखी पेपर पहिल्याच झटक्यात सुटले होते. तोंडीला परीक्षकांनी दोन्ही वेळा तोच प्रश्न विचारला: बंद टाकीत माणूस उतरवायचा आहे, काय काय कराल? जहाजावरचा पोऱ्याही सांगेल असं उत्तर. माझी जीभ दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडली. दुसऱ्या खेपेला त्यांनी सहा महिने आणखी समुद्रावर काढून या म्हणून परत पाठवलं. आता तिसरी खेप दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी होती. तीही गेली असती तर कंपनीनं मला पुढं ठेवलं नसतं. गावात मात्र मी 'जहाजाचे साहेब' होतो. आई दारावर येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यासमोर उभं करायची आणि मी मान खाली घालायचो. लोक म्हणायचे, पोरगा किती नम्र आहे.

घरात अभ्यास होईना म्हणून मी दुपारी विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात जाऊन मोठ्यानं उत्तरं म्हणू लागलो. गोमाजी तिथं खांबाला टेकून सुतळी वळत बसलेले असत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "एकटा कायले बडबडून रायला? मी हुंकारी देतो."

मी म्हटलं, काका, हे इंजिनाचं आहे, तुम्हाला काय कळणार.

"बुवाचं ब्रह्म तरी मले कुठं समजते?" ते म्हणाले. "तू सांग."

आणि खरंच, हुंकारीवर उत्तरं वाहू लागली. बॉयलरमधलं पाणी कमी झालं तर काय, क्रँककेसमध्ये धूर दिसला तर काय, सुकाणूचं यंत्र बंद पडलं तर काय. पाच दिवसांत मी निम्मं पुस्तक पार केलं. एखादं पाऊल विसरलो की गोमाजी थांबायचे. कसं कळायचं, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. "आवाजात खड्डा पडते," एवढंच म्हणायचे.

सहाव्या दिवशी मी टाकी घेतली.

टाकी उघडून चोवीस तास हवा खेळवायची. हूं. आतला प्राणवायू मोजायचा. हूं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा. हूं. टाकीच्या तोंडाशी एक जबाबदार माणूस उभा करायचा, त्यानं जागा सोडायची नाही. दर थोड्या वेळानं हाक मारायची आणि आतल्यानं ओ द्यायची.

हूं.

मी पुढं जाणार तोच गोमाजींनी सुतळी खाली ठेवली. "हा मी नाही देला," ते म्हणाले. "मी त कवाचाच थांबलो."

लख्ख ऊन होतं. मंडपात आम्ही दोघंच. घुमटाचा प्रतिध्वनी, असं मी त्यांना समजावलं. आपल्या मंदिराला घुमट नाही, कौलं आहेत, हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

मला तो आवाज ओळखू आला होता. लोखंडातून येणारा आवाज वेगळा असतो.

सुखराम नाकाडोंगरीचा. मॅंगनीजच्या खाणीत वाढलेला, अंधाराची भीती नसलेला. आपल्या जिल्ह्याचा म्हणून मीच खटपट करून त्याला जहाजावर तेलवाल्याचं काम मिळवून दिलं होतं. १९८० साली, भर समुद्रात, गंज तपासायला तो तळाच्या टाकीत उतरला. तोंडाशी मी होतो. टाकी महिनोन् महिने बंद होती आणि हवा पुरती मोजली नव्हती, कारण घाई होती. पहिल्या तीन हाकांना त्यानं ओ दिली. वरच्या कामाच्या खोलीत मी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता, त्याचा आवाज खाली टाकीपर्यंत यायचा. गावच्या सप्ताहाचं कीर्तन मी कॅसेटवर भरून नेलं होतं. आख्यान ऐन रंगात आलं आणि बाजू संपली. कॅसेट उलटायला म्हणून मी वर गेलो. उलटली आणि ऐकत उभा राहिलो. किती वेळ, ते मी कधीच घड्याळात पाहिलं नाही.

चौकशीत मी लिहून दिलं की मी जागा सोडली नाही, तो शेवटपर्यंत ओ देत होता, मग अचानक थांबला. अहवालात आलं, मयतानं स्वतःच्या हलगर्जीपणानं दोर सोडला. दोर मी बांधलाच नव्हता.

पुढचे दोन दिवस मी फक्त टाकीचंच उत्तर म्हणत राहिलो. गोमाजी गप्प असत. 'आतल्यानं ओ द्यायची' इथवर आलो की हूं यायचा, दर वेळी थोडा जवळून. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा ओल्या गंजाचा वास आला आणि गाभाऱ्यातली समई फडफडली नाही, नुसती बारीक झाली, हवा कमी असल्यासारखी.

तेव्हा मी गोमाजींना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"जिथं चुकला तिथं माघारी जा," ते म्हणाले. "बुवा बी जाते. तू का बुवाहून मोठा हायेस?"

जहाज कधीच भंगारात गेलं होतं. माघारी जायला एकच जागा उरली होती. शनिवारी, मुंबईची बॅग बरोबर घेऊन, मी नाकाडोंगरीला उतरलो. तीनच्या एसटीनं तुमसर आणि तिथून संध्याकाळची गाडी, असा हिशेब होता.

सुखरामची बायको रत्नाबाई ओसरीवर धान पाखडत होती. गावभर कापणी चाललेली आणि ती एकटी घरी. मी नाव सांगितलं. तिनं बसायला बोरा टाकला. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. कॅसेट, दोर, अहवाल. सांगताना तिच्या पायांकडे बघत होतो.

तिचं सूप थांबलं नाही. मधेच एकदा ते बाजूला ठेवून तिनं आतल्या अंधाऱ्या खोलीकडे तोंड केलं, "हाव का जी?" म्हणून हाक मारली, थोडं ऐकलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

मी विचारलं, आत कोण आहे?

"कागद आला होता ना तुमच्या कंपनीचा," ती म्हणाली. "शेवटलोक ओ देत होते म्हून लिवलं होतं. मंग म्या म्हनलं, आपन हाक मारत रायलो त देतील."

मी आतल्या अंधाराकडे पाहिलं.

ती उठली. "पानी आनतो तुमच्यासाठी. तवर दारावर बसा. हाक सोडू नोका."

मी बसलो. आत कणगी होती, भिंतीला टेकवलेली खाट होती, आणखी काही नव्हतं. मी हाक मारली.

हूं.

मी पुन्हा मारली.

हूं.

हाताला दाराची चौकट लागत होती. ती लाकडाची होती. लोखंडासारखी थंडगार लागत होती.

रत्नाबाई घागर घेऊन परत आली. "देला का?" तिनं विचारलं.

या वेळी मी खोटं बोललो नाही. "दिला," म्हटलं.

घागरीतलं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं.

"तीन वर्सं झाले," ती म्हणाली. "मले एकडाव बी नाही देला."

मग तिनं घागर उतरवली, पदर खोचला, कुडातला विळा काढला.

"मंग तुमीच बसा जी. माही कापनी रायली हाये."

ती शेताच्या धुऱ्यानं निघून गेली, मागं न बघता. तीनची एसटी नाक्यावर थांबली आणि गेली. ती मला ऐकू आली. मी उठलो नाही. एकदा उठलो होतो.

ऊन उतरलं तसा माझा घसा बसला आणि एक हाक चुकली.

मग आतून हाक आली. माझं नाव घेऊन, अगदी साधेपणानं, मी आहे ना एवढंच विचारणारी.

मी ओ दिली.

त्यालाही आता चार वर्षं झाली. रत्नाबाईच्या या ओसरीवरून नाकाडोंगरीतलं कीर्तन नीट ऐकू येतं. जाता येत नाही, पण ऐकू येतं, आणि पांडुरंगाची तेवढी कृपा मला पुरते. एवढी चार पानं लिहायला दुपार लागली. मधे सतरा वेळा ओ द्यायला थांबावं लागलं.